बोलीसंशोधकाची सायकल : आसन, चाक आणि निगा

१

बोलीविज्ञानाच्या इतिहासात एका सायकलस्वाराचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी १८७६ साली जी बोलीपाहणी आरंभिली, तिच्यात प्रश्नावली टपालाने गावोगावच्या शिक्षकांकडे धाडली जाई आणि उत्तरेही टपालानेच परत येत. उत्तर लिहिणाऱ्या शिक्षकास ध्वनिलेखनाचे शिक्षण नव्हते. ज्याला जसे सुचेल तसे त्याने प्रचलित लिपीत लिहावे, एवढीच अपेक्षा होती. फ्रान्समध्ये झ्यूल झिलियेरों यांनी नेमका उलट मार्ग पत्करला. सर्व ठिकाणी एकच तयार कान जावा आणि त्याने प्रत्यक्ष ऐकले तेवढेच लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. या कामासाठी त्यांनी निवडलेले एदमों एदमों हे विद्यापीठातील पंडित नव्हते. उत्तर फ्रान्समधील सँ-पोल या गावचे ते किराणा व्यापारी. मात्र आपल्या गावच्या बोलीचा कोश त्यांनी स्वतः सिद्ध केला होता आणि सूक्ष्म ध्वनिभेद टिपण्याची त्यांची शक्ती असामान्य होती. १८९७ ते १९०१ या काळात, म्हणजे वयाच्या पन्नाशीच्या आगेमागे, त्यांनी ६३९ ठिकाणी जाऊन माणसांच्या तोंडून शब्द ऐकले व लिहून घेतले. भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून एदमों आपणांस भेटतात ते सायकलीवरून खेड्यापाड्यांत हिंडणारे संशोधक म्हणूनच.

या कथेतील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. १९०२ ते १९१० या काळात फ्रान्सचा भाषिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा झिलियेरों यांनी एदमोंच्या नोंदींवर संस्करण केले नाही; ज्या जशा आल्या, तशाच त्या नकाशांवर उतरविल्या. याचा अर्थ असा की, त्या दिवशी त्या गावी एदमोंच्या कानाने जे ऐकले आणि हाताने जे लिहिले, तेच शास्त्राच्या हाती राहिले. अशा पद्धतीत संशोधकाचे शरीर हेच पहिले उपकरण ठरते. उपकरण थकलेले असेल, दुखावलेले असेल, तर त्याचा दोष नोंदीत उतरणारच.

दूरच्या प्रवासात सायकल सुखावह ठेवणे ही चैन नसून क्षेत्रकार्याच्या पद्धतीचाच भाग होय, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आज ध्वनिमुद्रणाची साधने खिशात मावतात आणि पक्क्या सडकाही पुष्कळ झाल्या आहेत. मग सायकल हवीच कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर असे की, मोटारीने जाणारा एका गावातून निघतो व चाळीस किलोमीटरांवरील दुसऱ्या गावी उतरतो. मधला प्रदेश त्याच्या दृष्टीने मुका असतो. सायकलस्वारास पाण्यासाठी, सावलीसाठी, वाट विचारण्यासाठी मधल्या प्रत्येक वस्तीवर थांबावे लागते. बोली बदलते ती अशा मधल्या वस्त्यांतूनच. शिवाय धुळीने माखून आलेल्या माणसाशी लोक जसे बोलतात, तसे ते मोटारीतून उतरलेल्या माणसाशी बोलत नाहीत.

२

येथे स्वानुभवातील एक प्रसंग नमूद करणे अस्थानी ठरू नये. प्रबंधासाठी सामग्री गोळा करीत असताना मी कोल्हापुराहून गगनबावडा, तेथून करूळ घाट उतरून वैभववाडी आणि पुढे कुडाळचा परिसर, असा प्रवास सायकलीने करण्याचे ठरविले. मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन दोन उच्चार आहेत, हे वाचकांस ठाऊकच आहे. ‘चार’मधील च तालव्य, तर ‘चाक’मधील च दन्त्य. लिपीत हा भेद दिसत नाही. म्हणून टिपणवहीत दन्त्य उच्चाराच्या अक्षराखाली एक टिंब द्यावयाचे, अशी खूण मी ठरविली होती. या भेदाचा प्रदेशपरत्वे मागोवा घेणे हा माझ्या प्रवासाचा एक प्रमुख उद्देश होता.

निघण्यापूर्वी सायकल दुकानात दाखविली. हँडल खाली घेतले आणि सीटचे टोक जरा झुकविले, की सायकल शर्यतीच्या सायकलीसारखी दिसते व पळतेही, असे तेथील कारागिराने सुचविले आणि मी मान डोलाविली. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या उजव्या हाताची करंगळी व अनामिका बधिर झाली. सायंकाळपर्यंत पेन्सिल धरता येई, परंतु ती कागदावर कोठे टेकली हे नीट कळेनासे झाले. दोन गावांच्या शब्दयाद्या मी त्याच अवस्थेत लिहिल्या. कॅसेटी वाचविण्याच्या विचाराने शब्दयाद्यांचे ध्वनिमुद्रण केले नव्हते. घरी येऊन वही उघडली, तेव्हा कोठे टिंब आहे, कोठे नाही आणि कोठे तो नुसता पेन्सिलीचा ओरखडा आहे, हे माझे मलाच सांगता येईना.

पुढल्या वर्षी पुन्हा गेलो. एका गावची यादी नव्याने मिळाली. दुसऱ्या गावी ज्या आजींनी आदल्या वर्षी सारी सकाळ माझ्यासाठी घालविली होती, त्या मधल्या काळात निवर्तल्या होत्या. जात्यावरच्या, शेतीच्या, मासळीच्या ज्या शब्दांसाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो, ते त्यांच्या सुनांना ठाऊक नव्हते. माझ्या प्रबंधातील नकाशात त्या गावी आजही कोरे वर्तुळ आहे. ते कोरे राहिले याचे कारण भाषाविज्ञानात नव्हते. ते हँडलच्या उंचीत होते.

३

असे का घडले, हे समजून घेण्यासाठी सायकल आणि शरीर यांचा संबंध पाहावयास हवा. स्वाराच्या देहाचा भार तीन ठिकाणी टेकतो : सीटवर, पायडलांवर आणि हँडलवर. यांपैकी एका ठिकाणचा भार कमी केला की तो दुसरीकडे जातो; नाहीसा कधीच होत नाही. सीटचे टोक खाली झुकलेले असले की शरीर सतत पुढे घसरते आणि ते घसरणे तळहातांनी रोखावे लागते. त्यात हँडल खाली असेल तर मनगट मागे मोडते आणि सारा भार तळहाताच्या करंगळीकडील बाजूवर येतो. नेमक्या त्याच जागेतून करंगळी व अनामिका यांस संवेदना देणारी आणि बोटांच्या सूक्ष्म हालचाली करणाऱ्या लहान स्नायूंना चेतविणारी मज्जा जाते. ती तासन्‌तास दबली की प्रथम मुंग्या येतात, मग बधिरता येते आणि शेवटी बोटांची शक्तीच क्षीण होते. अशी बधिरता विश्रांतीने बहुधा ओसरते. परंतु तिला कधी कधी कित्येक आठवडे लागतात.

म्हणून आरंभ सीटपासून करावा. उंची ठरविण्याची साधी रीत अशी : सीटवर नीट बसून टाच पायडलावर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे, त्या स्थितीत पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूस कलू नये. मग चवड्याने पायडल मारू लागताच गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो आणि तोच हवा असतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखू लागते. फार वर असेल तर गुडघ्यामागील शिरा ताणल्या जातात आणि कंबर डावी-उजवीकडे झुलून कातडी सोलवटते. सीटचा पृष्ठभाग जमिनीस समांतर असावा.

सीट जितकी मऊ तितकी सुखाची, हा समज चुकीचा आहे. बसताना आपला भार ओटीपोटाच्या खालील दोन हाडांवर पेलला जावा, अशी शरीराची रचना आहे. जाड गादीत ती हाडे रुततात, गादीचा मधला भाग वर येतो आणि जेथे दाब नको तेथेच तो पडतो. घरापासून बाजारापर्यंत जाताना हे जाणवत नाही; चौथ्या तासाला जाणवते. यास्तव लांबच्या प्रवासासाठी बेताची टणक, आपल्या हाडांच्या रुंदीस जुळणारी सीट पसंत करावी. ताणलेल्या जाड चामड्याची सीट काही शे किलोमीटरांनंतर स्वाराच्या आकारास जुळून येते. मात्र ती पावसात भिजू देऊ नये. सीट कोणतीही असो, दूरच्या प्रवासास निघताना ती नवी नसावी, हे महत्त्वाचे.

हँडल सीटच्या पातळीत, किंवा पाठीचे दुखणे असेल तर किंचित वर, असावे. मनगट हाताच्या रेषेत सरळ राहावे आणि कोपर जरासे वाकलेले असावे, म्हणजे रस्त्याचे धक्के खांद्यांपर्यंत पोहोचत नाहीत. हाताची जागा दर दहा मिनिटांनी बदलणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित दक्षता होय.

४

यानंतर पायांचा विचार. सपाट रस्त्यावर मिनिटास साठ ते ऐंशी फेऱ्या सहज मारता याव्यात, इतपत पायडल हलके असावे. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दाते आहेत आणि चाकाचा परीघ २.२ मीटर आहे. पायडलाच्या एका फेरीत चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि सायकल जवळजवळ ५.४ मीटर पुढे जाते. घाटात ताशी आठ किलोमीटर या गतीने चढावयाचे झाल्यास अशा सायकलीवर मिनिटास जेमतेम पंचवीस फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीस अंगावरचा सारा जोर लावावा लागतो. पुढे २८ व मागेही २८ दाते असतील, तर तीच गती साठ फेऱ्यांत साधते आणि दर फेरीचा जोर निम्म्याहूनही कमी होतो.

एकूण काम मात्र तेवढेच राहते. स्वार, सायकल व सामान मिळून १०० किलोग्रॅम भार ५०० मीटर उंच चढविण्यास सुमारे ४९० किलोज्यूल एवढे काम करावेच लागते. त्यांतील एक कणही गिअर वाचवीत नाही. तो केवळ ते काम गुडघ्यांस सोसतील अशा लहान घासांत वाटून देतो. एदमोंच्या काळातच फ्रान्समधील पॉल द व्हीव्ही हे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने याच तत्त्वाचा हिरिरीने पुरस्कार करीत होते. १८८७ साली त्यांनी सायकलप्रवासास वाहिलेले नियतकालिक काढले. अनेक गिअर म्हणजे दुर्बलांची सोय, अशी समजूत त्या काळी रूढ होती. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीत तर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेस १९३७ पर्यंत मज्जावच होता. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाची इच्छाच मरेल इतके कधीही थकू नये, हाही व्हेलोसिओंच्या उपदेशाचा गाभा होता. क्षेत्रकार्य करणाऱ्यास हा शेवटचा नियम दुप्पट लागू पडतो. कारण शर्यतीतल्या माणसाचे काम मुक्कामी पोहोचताच संपते, आपले तेथे सुरू होते.

५

शरीरानंतर यंत्राकडे वळू. दूरच्या प्रवासात मोडतो तो बहुधा मागच्या चाकाचा स्पोक. सामान जास्त झाले म्हणून तो तुटला, असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे. चाकातील सर्व स्पोक मुळात ताणलेले असतात. चाक फिरताना जो स्पोक खाली जमिनीकडे येतो, त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताच तो पूर्ववत होतो. २.२ मीटर परिघाचे चाक एका किलोमीटरात सुमारे ४५५ वेळा फिरते. म्हणजे हजार किलोमीटरांच्या प्रवासात प्रत्येक स्पोक साडेचार लाख वेळा सैल व ताठ होतो. एखादी तार आपण पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसाच हा प्रकार असून त्यास धातूचा थकवा असे म्हणतात. काही स्पोक सैल व काही ताठ असले, की हा थकवा ठरावीक स्पोकांवर लवकर येतो. म्हणून निघण्यापूर्वी दुकानात नुसता ‘चाकाचा आऊट काढून’ घेणे पुरेसे नाही. सर्व स्पोकांचा ताण सारखा आहे, याचीही खात्री करावी. जवळजवळचे दोन दोन स्पोक चिमटीत दाबून पाहावेत. एकाच बाजूचे स्पोक हाताला सारखेच ताठ लागले पाहिजेत. छेडले असता त्यांचा स्वरही सारखाच निघतो आणि ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ही परीक्षा जड जाऊ नये. मागच्या चाकात मात्र चेनच्या बाजूचे स्पोक दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक ताठ असतात, हे ध्यानात ठेवावे.

दगड लागतील तितकी हवा भरण्याची आपल्याकडे रीत आहे. तीही सोडावयास हवी. टायर हे सायकलीचे पहिले गादीकाम होय. ३७ मिलिमीटर रुंदीच्या टायरात, सामानासह प्रवास करताना, मागे दर चौरस इंचास ५५ ते ६० पौंड आणि पुढे ४५ ते ५० पौंड हवा साधारणतः पुरते. पुढच्या चाकावर भार कमी असल्याने तेथे हवाही कमी लागते आणि हातांना बसणारे धक्के सौम्य होतात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. देशावरच्या रस्त्यांवर बाभळीचा काटा चुकत नाही. पंक्चर काढल्यावर ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवावे. रुतलेला काटा तसाच राहिला, तर अर्ध्या तासाने तेच काम पुन्हा करावे लागते.

६

निगा या विषयात आपल्या भाषेने आपलीच थोडी दिशाभूल केली आहे. दुकानांतून ‘सायकल ओव्हरऑइल करणे’ असा प्रयोग सर्रास ऐकू येतो. इंग्रजीतील मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’. त्याचा अर्थ यंत्र उघडून, तपासून, दुरुस्त करून पुन्हा जुळविणे. अपरिचित ‘हॉल’च्या जागी परिचित ‘ऑइल’ आले आणि शब्दास नवी, सोपी व्युत्पत्ती लाभली. लोकव्युत्पत्तीचे हे सुरेख उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. परंतु शब्दाबरोबर समजही बदलली. यंत्राची निगा म्हणजे वरून तेल ओतणे, अशी भावना रूढ झाली. वास्तविक मळलेल्या चेनवर तेल ओतले की धूळ आणि तेल मिळून घासणारा लेप तयार होतो आणि चेन कोरडी असण्यापेक्षाही लवकर झिजते.

योग्य क्रम असा : प्रथम चेन रॉकेलने ब्रशने घासून स्वच्छ करावी, फडक्याने पुसावी व पूर्ण वाळू द्यावी. नंतर प्रत्येक दुव्याच्या गरगरत्या भागावर एकेक थेंब तेल सोडावे, पायडल उलटे फिरवून ते आत मुरू द्यावे आणि शेवटी बाहेरचे सारे तेल पुसून टाकावे. तेल आत हवे, बाहेर नव्हे. चेनची झीज पट्टीने मोजता येते. तिच्या दोन खिळ्यांतील अंतर अर्धा इंच असते. म्हणून चोवीस दुव्यांची लांबी, खिळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत, बरोबर बारा इंच भरावयास हवी. ती एक सोळांश इंचाने वाढली की चेन बदलावी. एक अष्टमांश इंचाने वाढेपर्यंत थांबल्यास चेनबरोबर चक्रांचे दातेही गेलेले असतात आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो.

चाकांच्या व पायडलांच्या आसांतील छर्ऱ्यांस तेल नव्हे, ग्रीस लागते. चाक उचलून हाताने हळू फिरवावे. आतून करकर जाणवली तर आस उघडून, छर्रे धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यावे. ब्रेकची रबरे झिजलेली नाहीत ना आणि तारेचा एखादा पदर तुटलेला नाही ना, हे घाट उतरण्यापूर्वी पाहावे, उतरल्यावर नव्हे.

सामान पाठीवर घेऊ नये; त्याचा भार सीटवर आणि हातांवर येऊन वर सांगितलेले सारे नियम व्यर्थ होतात. ते कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस, शक्य तितके खाली व समतोल बांधावे. ध्वनिमुद्रकास धक्के बसू नयेत म्हणून तो कपड्यांत गुंडाळावा. सोबत एक जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, टायर उचकटण्याच्या पट्ट्या, चाकांच्या नटांस बसणारा पाना आणि आपल्याच चाकाच्या मापाचे चार स्पोक असावेत. एवढे साहित्य एका लहान डब्यात मावते.

७

या साऱ्या विवेचनावरून एक व्यावहारिक सूचना पुढे येते. आपण निवेदकाचे वय, शिक्षण, जात, व्यवसाय, स्थलांतर यांची नोंद काटेकोरपणे करतो. लिहून घेणाऱ्याविषयी मात्र वहीत एक ओळही नसते. यापुढे क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक मुलाखतीच्या माथ्यावर, निवेदकाच्या माहितीशेजारीच, त्या दिवशीचा प्रवास किती किलोमीटरांचा झाला, मुलाखत प्रवासानंतर किती वेळाने सुरू झाली आणि हात, पाठ, कान यांची अवस्था कशी होती, हे तीन रकाने भरावेत. शंकास्पद नोंद आढळली, तर ती निवेदकाच्या बोलीची की लेखकाच्या थकव्याची, हे ठरविण्यास पुढे या रकान्यांचा आधार मिळेल. त्याचप्रमाणे मुक्कामी पोहोचताच शब्दयादी काढू नये. पाणी प्यावे, सायकल भिंतीस टेकवून चाके व चेन पुसावी, घरातल्या माणसांशी चार शब्द बोलावेत आणि तासाभराने वही उघडावी. चेन पुसण्यात गेलेला तो वेळ वाया जात नाही. ओसरीवरच्या लोकांच्या गप्पा त्याच वेळी कानावर पडतात आणि आपण ऐकत आहोत हे त्यांच्या ध्यानीही नसते.

माझ्या सायकलीचे हँडल त्यानंतर सीटच्या पातळीत आले, ते आजतागायत तसेच आहे. नकाशातील कोरे वर्तुळ भरण्याचा मार्ग मात्र आता उरलेला नाही. ज्यांची वर्तुळे अजून भरावयाची आहेत, त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी आपली सायकल एकदा नीट पाहावी, एवढीच विनंती.